मका मार्गस्थ झाला

“वाघुळखेडे येथून निर्यातीच्या मक्याची पहिली मालगाडी काल ठरल्या वेळी बंदराकडे मार्गस्थ झाली असून परिसरातील शेतकरी वर्गात आनंदाचे वातावरण आहे, असे रेल्वेच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटले आहे.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. ज्या गाडीविषयी हे म्हटले होते, तिच्याच सावलीत आम्ही बसलो होतो.

“पुन्हा वाचा बरं, सर,” कौतिकबाई म्हणाल्या. “मले वाटलं, मधलं काही तुमच्याकडून सुटलं.”

मी पुन्हा वाचले. काहीही सुटले नव्हते. उलट, एवढ्या लहान वाक्यात एवढे काही बसवणाऱ्या लेखकाविषयी मला जवळजवळ आदर वाटू लागला. ‘पहिली’ हा शब्द खरा होता. वाघुळखेड्याच्या मालधक्क्यावरून याआधी धान्य कधीही परदेशी गेले नव्हते. ‘मालगाडी’ हाही खरा होता. ती समोर उभी होती. ‘ठरल्या वेळी’ येथून मात्र वाङ्मय सुरू होत होते. ठरलेली वेळ होळीच्या आधीची होती. तेव्हापासून आमची पोती धक्क्यावर डबे येण्याची वाट पाहत होती आणि आता पाडवाही होऊन गेला होता. ‘मार्गस्थ’ या शब्दाचा अर्थ रस्त्याला लागलेला असा होतो. आमची गाडी आदल्या दिवशी आमदारांनी हिरवी झेंडी दाखवल्यावर खरोखरच रस्त्याला लागली. कडूनिंबाच्या रांगेपलीकडच्या सिग्नलपर्यंत गेली, छायाचित्रकार आपापल्या मोटारसायकलींवर बसून निघून जाईपर्यंत तिथे थांबली आणि मग पाठ न फिरवता, दरबारातून बाहेर पडणाऱ्या सेवकासारखी, उलट्या पावली परत आली.

राहिले ‘आनंदाचे वातावरण’. तेही खोटे नव्हते. ते सुपडू शेठच्या चेहऱ्यावर होते.

सुपडू शेठ हे आमच्या भागातले मक्याचे व्यापारी. घेतलेला मका ते कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याला घालत. वर्षानुवर्षे सारी गावे त्यांच्याच काट्यावर माल घालत आली होती. यंदा प्रथमच काट्याला गंज चढण्याची वेळ आली होती. ते रोज सकाळी फिरायला म्हणून धक्क्यावर येत.

“कौतिकताई, पेपरात वाचलं, मका गेला म्हणून. अभिनंदन!” डब्यावर थोपटत ते म्हणाले. “मग हे कोण उभं आहे?”

“जाईन तो. तुम्ही घाई नका करू, शेठ.”

“मले काय घाई? माझ्या कोंबड्या घाई करून राह्यल्या. अन् त्यांच्याकडे यायला मक्याला जहाज लागत नाही की पासपोर्ट लागत नाही.”

कौतिकबाई हसल्या नाहीत. त्या आमच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष होत्या, आणि ही कंपनी म्हणजे मुख्यतः त्यांचा शब्द होता. चार गावांत घरोघर जाऊन त्यांनी सांगितले होते की मका मला द्या, मी तो जहाजात घालून दाखवते. नाही घातला तर मी स्वतः तुमच्या बैलगाडीपुढे चालत सुपडू शेठच्या काट्यावर येईन. लोकांनी मका दिला होता. शेवटचे वाक्यही लक्षात ठेवले होते. जहाज बंदराला लागलेले होते आणि जहाजाचा दलाल कौतिकबाईंना रोज फोन करून एकच गोष्ट सांगत होता: शुक्रवारी दुपारनंतर जहाज थांबणार नाही.

ती मंगळवारची सकाळ होती.

मी कंपनीत होतो तो केवळ पत्रे लिहायला. जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून मी गावी परतलो होतो, आणि सुशिक्षित माणसाचा उपयोग अर्ज लिहिण्यापलीकडे नसतो हे गावाने पहिल्याच आठवड्यात ओळखले होते. होळीपासून मी रेल्वेला जी पत्रे लिहिली, त्यांत प्रतिज्ञा होती, हेतू होता, उदाहरण होते, उपनय आणि निगमनही होते, म्हणजे अनुमानाची पाचही अंगे होती. उत्तरात एकच वाक्य येई: डबे उपलब्ध नाहीत. आता डबे उपलब्ध होते, भरलेले होते, दारांना मोहरा लागल्या होत्या. म्हणून मी पत्र न लिहिता सरळ खांबेटे यांच्या खोलीत गेलो.

श्री. खांबेटे हे या टापूतल्या मालवाहतुकीचे अधिकारी. कोणती गाडी कधी निघेल, हे त्यांच्या एका फोनवर ठरे. अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी कधी कोणावर आवाज चढवल्याचे मी ऐकले नाही. तशी गरजच नव्हती.

“या, सर! चहा घेणार ना?”

“गाडी परत का आली?”

“साखर कमी ना तुम्हाला? लक्षात आहे माझ्या.” त्यांनी चहा सांगितला. “सर, तुम्ही विद्वान आहात. तुम्हाला काय सांगायचं? पुढे मार्ग मोकळा नव्हता.”

“मग ती सोडली का?”

“सोडली कुठे? झेंडी दाखवली.”

हा भेद माझ्या संपूर्ण अध्यापनात मला सुचलेला नव्हता.

“आज सुटेल?” मी विचारले.

“आज तर सुटणारच!” खांबेटे खुर्चीतून अर्धवट उठले. “आज खासदारसाहेब येताहेत झेंडी दाखवायला. चार वाजता. तेवढं ओवाळायला बायकांना सांगाल का? काल फार छान झालं होतं.”

आमदार आणि खासदार एकाच पक्षाचे होते, आणि म्हणूनच एका व्यासपीठावर येत नसत.

ओवाळणाऱ्या बायकांना जमवताना कौतिकबाईंच्या नाकी नऊ आले. “काल ओवाळलं, समजलं,” त्यांच्या शेजारीण शेवंताबाई यांनी ताट खाली ठेवत सांगितले. “आज पुन्हा काहून? इतक्या वेळा तर मी जावयाले ओवाळलं नाही. अन् जावई निदान जातो तरी!”

तरीही ओवाळले. कालच्या कुंकवावर आजचे कुंकू लागले, चाकापुढे नवा नारळ फुटला, इंजिनाला आणखी एक हार चढला आणि इंजिनाचे चालक रमजान तडवी यांच्या गळ्यातही. तडवीभाऊंना झेंडूचे वावडे होते. हार पडताच त्यांनी शिंकायला सुरुवात केली, आणि खासदारांच्या भाषणातल्या प्रत्येक विरामचिन्हाच्या जागी एक शिंक आली.

“बळीराजाचा हा मका—”

“आक्छी!”

“—सातासमुद्रापार—”

“आक्छी!”

झेंडी हलली. गाडी हलली. टाळ्या झाल्या. चार गावांतली माणसे कडूनिंबांच्या रांगेकडे डोळे लावून उभी राहिली. छायाचित्रकार गेले, खासदारांची मोटार गेली, धूळ खाली बसली. आणि मग त्याच धुळीतून शेवटचा डबा पुढे, इंजिन मागे, अशी आमची निर्यात घरी परत आली.

“आता काय झालं, तडवीभाऊ?” कौतिकबाईंनी इंजिनाखालून विचारले.

“मले काय माहीत, ताई?” तडवींनी नाक पुसले. “आपलं काम सिग्नल पाहणं. पुढे म्हणे तर पुढे, मागे म्हणे तर मागे. पण हा हार काढू का आता? का उद्या पुन्हा घालायचा आहे?”

त्यांनी ते थट्टेने विचारले होते. बुधवारी सकाळी खांबेटे यांनी मला ते गांभीर्याने सांगितले.

“काल चालकाची ड्यूटी संपली हो, सर. नियमापुढे कोणाचं चालतं? पण एका दृष्टीने बरंच झालं. मंत्रीसाहेबांच्या कार्यालयातून फोन आला होता. त्यांनाही झेंडी दाखवायची इच्छा आहे.”

“कधी?”

“शनिवारी. मंडप मोठा लागेल. हार मात्र आता झेंडूचा नको, निशिगंधाचा सांगा.”

“जहाज शुक्रवारी जाणार आहे.”

“अरेरे!” खांबेटे मनापासून हळहळले. “जहाजवाल्यांना जरा थांबायला सांगून पाहिलंत का?”

मी बाहेर आलो. माझा राग अशा वेळी तापत नाही, गोठतो. आणि गोठलेल्या अवस्थेत मला बऱ्यापैकी विचार करता येतो. कौतिकबाई रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसल्या होत्या. शेजारी भजनाला बसल्यासारखे सुपडू शेठ बसले होते.

“शनिवार,” मी सांगितले.

सुपडू शेठनी डोळे मिटून मान डोलावली. “ताई, बैलगाडी कोणाची सांगू? का चालतच येता?”

“शेठ, तुम्ही जरा चहा घेऊन या,” कौतिकबाई म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी पदर घट्ट खोचला. “सर, मले एक सांगा. तुम्ही इतके वर्ष पोरांना कारण काय, कार्य काय, हे शिकवलं ना? मग ही गाडी कायनं चालते, ते सांगा.”

प्रश्न शुद्ध होता, म्हणून मी शुद्ध उत्तर शोधू लागलो. गाडी मक्यासाठी हलली नव्हती. मका होळीपासून तिथेच होता. जहाजासाठी हलली नव्हती. नियमाने, विनंतीने, तक्रारीने, माझ्या पंचावयवी वाक्यांनी ती तसूभर सरकली नव्हती. ती दोनदा हलली, आणि दोन्ही वेळा तिच्या अंगावर हार होता. थांबली ती छायाचित्रकार जिथवर पाहतात तिथवर जाऊन. जिथे जिथे समारंभ, तिथे तिथे गती. जिथे समारंभ संपला, तिथे गतीही संपली. दोहोंची व्याप्ती, म्हणजे अटळ सांगड, निर्दोष होती.

“गाडी समारंभाने चालते,” मी म्हणालो. “आणि समारंभ जिथे संपतो तिथवरच चालते.”

कौतिकबाई थप्पीवरून उठल्या. “मग समारंभ इथं कायले करून राह्यलो आपण? बंदरावर करू!”

“झेंडी दाखवणारे सगळे इथलेच आहेत. बंदरावर कोण कोणाचे स्वागत करणार?”

“माझी नणंद आहे तिथं. तिचं भजनी मंडळ आहे, पंधरावीस बाया आहेत. शाल, श्रीफळ, ढोलकी, सगळं तिच्या घरी असतं. पण स्वागत करायचं कोणाचं? मक्याचं?”

आम्ही दोघांनी एकाच वेळी खांबेटे यांच्या खिडकीकडे पाहिले. आत ते एकटेच होते आणि काल खासदारांनी हलवलेली हिरवी झेंडी काळजीपूर्वक घडी घालून ठेवत होते. तिची टोके त्यांनी जुळवली, सुरकुती हाताने मोडली आणि क्षणभर ती तशीच छातीशी धरली. या माणसाने आजवर किती जणांच्या हातात झेंडी दिली असेल, आणि त्याच्या गळ्यात कोणी किती हार घातले असतील, हा प्रश्न माझ्या मनात प्रथमच आला. उत्तर उघड होते.

मानपत्र मी स्वतः लिहिले. ज्या माणसाला मी न्यायालयात खेचू इच्छित होतो त्याचे स्तोत्र रचायचे, आणि तेही असत्य न लिहिता, ही कसोटी अवघड होती; म्हणूनच ते काम मला आवडले. “आपल्या इच्छेवाचून या स्थानकातून एकही डबा हलला नाही, हे आम्ही प्रत्यक्ष अनुभवले आहे,” मी लिहिले. “आपला संयम असा, की आमचा धीर संपला तरी तो संपला नाही. काळाने भल्याभल्यांना स्वतःमागे धावायला लावले. आपण मात्र काळालाच धक्क्यावर बसवून ठेवले.” कौतिकबाईंनी ते ऐकले आणि विचारले, “यात शिव्या कुठं आहेत?” मी म्हणालो, “सगळीकडे.”

दुपारी आम्ही खांबेटे यांच्यापुढे बसलो. त्यांनी चहा सांगितला. मी मानपत्राचा मसुदा पुढे केला.

“हे काय, सर? आणखी एक तक्रार?”

“नाही. शेतकऱ्यांनी आपला सत्कार करायचे ठरवले आहे.”

“कोणाचा?”

“आपला.”

“माझा?” त्यांनी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

“पहिला निर्यातीचा मका बंदरावर पोचवल्याबद्दल,” कौतिकबाई म्हणाल्या. “साहेब, झेंडी सगळेच दाखवतात. पोचवतं कोण? तुम्हीच ना?”

खांबेटे मसुदा वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चहा गार झाला. ‘काळालाच धक्क्यावर बसवून ठेवले’ या ओळीशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

“किती अचूक लिहिलंय हो,” ते म्हणाले.

“प्रयत्न केला,” मी म्हणालो.

“शाल असेल?”

“शाल, श्रीफळ, निशिगंधाचा हार,” कौतिकबाईंनी सांगितले. “बाया ओवाळतील. फोटोवाला आहे. शुक्रवारी सकाळी बंदरावर, गाडी पोचली की लगेच. पण गाडी शनिवारी निघणार असेल, तर मग राहू द्या. मक्यावाचून कायचा सत्कार?”

“शुक्रवारी,” खांबेटे पुटपुटले. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, मंडपाच्या जागेकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. माझ्या आयुष्यात मी कर्तव्य आणि वासना यांच्या संघर्षाविषयी पुष्कळ वाचले आहे, परंतु वासनाच कर्तव्य करायला निघाल्याचे दृश्य मी तेव्हाच पाहिले. त्यांनी फोन उचलला.

“हां, मी खांबेटे बोलतोय. वाघुळखेड्याची मक्याची गाडी आत्ता काढायची आहे. आत्ता म्हणजे आत्ता. मार्ग? मार्ग मोकळा करा. पुढची मालगाडी बाजूला घ्या. चालक आहे, इथेच शिंकतोय. आणि मंत्रीसाहेबांचं...” ते क्षणभर थांबले. “मंत्रीसाहेबांसाठी दुसरी गाडी बघता येईल.”

चहाचे पेले उचलले जाण्यापूर्वी गाडी निघाली. झेंडी नव्हती, नारळ नव्हता, टाळ्या नव्हत्या. खांबेटे स्वतः इस्त्रीचा दुसरा सदरा घेऊन गार्डच्या डब्यात चढले. गाडी कडूनिंबांपर्यंत गेली, सिग्नलपर्यंत गेली. धक्क्यावरची माणसे सवयीने ती परत येण्याची वाट पाहत राहिली. शेवंताबाई तर ताट घेऊनच उभ्या होत्या. बराच वेळ कोणी हलले नाही.

“गेली की काय?” कोणीतरी घाबरून विचारले.

आम्ही जीपने निघालो. शुक्रवारी सकाळी बंदराच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा गाडी आमच्या आधी येऊन उभी होती आणि हमाल पोती उतरवून जहाजाकडे नेत होते. दलालाने कौतिकबाईंना लांबूनच हात उंचावून दाखवला. कौतिकबाईंनी एका पोत्यावर हात ठेवला आणि मग नाक पुसत मला म्हणाल्या, “तडवीभाऊंची शिंक मले लागली वाटतं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुपडू शेठ होते, आणि ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू येत होते.

“ताई, इथं तमाशा झाला! मंत्रीसाहेब आजच आले, शनिवारची वाट न पाहता. गाडीच नाही!”

“मग?”

“मग काय? हार आणलेला, बँड आणलेला. त्यांनी रुळालेच झेंडी दाखवली. रिकाम्या रुळाले! टाळ्या बी झाल्या. सगळे वाकून वाकून पाहू लागले, कुठं काही चाललंय का. मी बी पाहिलं!” थोडे थांबून ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, मका खरंच गेला का हो?”

“जहाजात चढून राह्यला, शेठ.”

“मग माझ्या कोंबड्यांना काय सांगू?”

“त्यांना म्हणा, यंदा उपास धरा,” कौतिकबाईंनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रानुसार वाघुळखेड्याहून मक्याची आणखी एक गाडी मार्गस्थ झाली. सरकारी आकडेवारीत आमच्या तालुक्याने त्या हंगामात पिकवला त्याहून अधिक मका परदेशी धाडल्याची नोंद आजही असावी. मी ती दुरुस्त करायला गेलो नाही.

सत्कार त्या शुक्रवारीच, ठरल्याप्रमाणे झाला. नणंदेच्या मंडळाने ढोलकी वाजवली, ओवाळले, शाल पांघरली. मी मानपत्र वाचले. माझ्या आवाजात एकही कंप नव्हता. खांबेटे नवा सदरा घालून, डोळे मिटून उभे होते. प्रत्येक वाक्याला त्यांची मान हळूहळू खाली येत होती, आणि निशिगंधाच्या हाराखाली त्यांची हनुवटी पार दिसेनाशी झाली. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले.

पोती वाहणारे हमालही थांबले. त्या दिवशी ते जे बोलले ते मी तिथेच, त्यांच्या मानपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतले. त्यात मी एक शब्दही बदललेला नाही:

“मला बोलता येत नाही. पण एवढं प्रेम केलंत, तर खरं सांगितलं पाहिजे. गाडी थांबवायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. रिकामे डबे होळीच्या आधीच जंक्शनवर येऊन उभे होते. आमदारसाहेबांची तारीख मिळेना, म्हणून मी ते तुमच्याकडे पाठवलेच नाहीत. पहिल्या दिवशी मार्ग मोकळा होता. दुसऱ्या दिवशी चालकाची ड्यूटी संपली नव्हती. गाडी गेली असती, तर पुढच्या साहेबांच्या हातात झेंडी द्यायची कशासाठी, म्हणून मीच ती परत बोलावली. तुम्ही म्हणाल, नुसती जाऊ द्यायची होती. अहो, तीस वर्षं नोकरी केली. रोज कितीतरी गाड्या नुसत्या जाऊ दिल्या. त्यासाठी कोणी साधा हार तरी घातला का मला?”